ग्लुटाथायोन घटले, पण ते किरणांमुळेच कशावरून?

प्रश्न थोडक्यात असा: ताळगावच्या एका एमएस्सीवाल्याने उंदरांना 6 ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) गॅमा किरण दिले. तिसऱ्या दिवशी यकृतातले ग्लुटाथायोन (पेशीला मूलकांपासून वाचवणारा रेणू) घटले, एमडीए (मॅलोनडायल्डिहाइड, मेदाची नासधूस झाल्याची खूण) वाढले. सर विचारतात, हे किरणांमुळेच कशावरून?

सरांचा प्रश्न रास्त आहे. 6 ग्रे म्हणजे किलोमागे 6 जूल. एवढ्याने पाणी जेमतेम 0.0014 अंशाने तापते, तरी उंदीर दगावू शकतो. ही ऊर्जा पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडते, त्यातून हायड्रॉक्सिल मूलके (कशावरही झडप घालणारे रेणूंचे तुकडे) निघतात आणि डीएनए असो की पटलातला मेद, समोर येईल त्यावर तुटून पडतात. हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या कितीतरी आधी उरकते. तिसऱ्या दिवशी तू मोजतोस ती त्यानंतरची पडझड: मेलेल्या पेशी, सूज, आणि मंदावलेली भूक.

घोळ या भुकेचा आहे. किरण घेतलेला उंदीर नीट खात नाही. नुसत्या उपाशी उंदराच्या यकृतातही ग्लुटाथायोन घसरते, कारण ते बनवायला लागणारी गंधकयुक्त अमिनो आम्ले खाण्यातूनच यायची. म्हणून शॅम कंट्रोल (तोच डबा, तोच प्रवास, तेवढाच वेळ, फक्त किरणांचा सोर्स बंद) पुरत नाही. पेअर-फेड गटही हवा: किरणवाल्यांनी काल खाल्ले ते वजन करून आज यांना तेवढेच द्यायचे. कंटाळवाणे आहे खरे, पण सरांना उत्तर यातूनच मिळेल. आणि सगळे गट दिवसाच्या एकाच ठरावीक वेळी काप. ग्लुटाथायोन दिवसभरात वरखाली होते.

एमडीएचे म्हणशील तर, टीबीए (थायोबार्बिट्युरिक आम्ल) घालून 532 नॅनोमीटरवर गुलाबी रंग वाचला असशील तर 'टीबार्स' (टीबीएशी रंग देणारे सगळे पदार्थ) असेच लिही. तो रंग इतर अल्डिहाइडही देतात. सीरम आधीच लालसर दिसले तर रक्तपेशी फुटल्या आहेत. त्यातले एएसटी, एलडीएच (यकृताची इजा दाखवणारी, पण रक्तपेशींतही असणारी विकरे) धरू नकोस. पावसात लाईट जाऊन फ्रीझरमधले ऊतक एकदा वितळले असेल, तर तेही बाद.

पुढच्या खेपेला काही उंदरांची अस्थिमज्जा 24 तासांनी काढून मायक्रोन्यूक्लियस (पेशीत मुख्य केंद्रकाबाहेर दिसणारे चिमुकले केंद्रक) मोज. ती गुणसूत्रे तुटल्याची थेट खूण. जादा उंदीर लागतील, तेव्हा नैतिकता समितीकडे दुरुस्तीचा अर्ज आत्ताच टाक.