काळ्या मातीत बंगला आहे. गेट ते पोर्च कमी देखभालीचं काय करावं: पेव्हर, स्टॅम्प काँक्रीट की डांबर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बार्शीजवळ बंगला, गेटपासून पोर्चपर्यंत १० बाय ४० फुटांचा पट्टा, खाली काळी माती, घरची एक मोठी गाडी आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर. यातलं काय टाकावं, आणि कुठला रंग लवकर मळत नाही? शिवाय तुमचे आर्किटेक्ट म्हणतात, "पेव्हर लवचिक असतो, काळ्या मातीला तोच चालतो."

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी पुढे गेलो असतो. पण साइटवर ते इतक्या आत्मविश्वासाने ऐकवलं जातं की एकदा लेखी उत्तर देऊनच टाकतो. पेव्हर लवचिक आहे याचा अर्थ जमीन बसली की तो बसतो, जमीन फुगली की तो वर येतो. तडा जात नाही, एवढंच. गाडी मात्र खड्ड्यातूनच जाते.

सोलापूरकडचा एक बंगला. ६० मिमी जाडीचे झिगझॅग पेव्हर ब्लॉक, माल चांगला, सोबत टेस्ट रिपोर्ट. पहिल्याच पावसाळ्यात दोन्ही चाकांखाली दीड-दीड इंचाच्या चाकोऱ्या पडल्या आणि बागेकडची कड उलट वर उचलली. मालकांनी ते ब्लॉक काढून घरामागे रचले आणि ८० मिमीचे टाकले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. ब्लॉकवाला म्हणे वाळू खराब, बसवणारा म्हणे ब्लॉक खराब, आणि आर्किटेक्टचा तोडगा काय, तर टँकर गेटबाहेर उभा करा. उकरायचं काम माझ्याकडे आलं. वर दोन इंच क्रश डस्ट, म्हणजे खडी फोडताना पडणारी भुकटी. तिच्याखाली बांधकामाचा राडारोडा: विटांचे तुकडे, प्लास्टरच्या खपल्या, सिमेंटच्या रिकाम्या गोणी. त्याखाली थेट चिकट काळी माती. कर्ब, म्हणजे कडेचा दगड, नुसता मातीत रोवलेला, आणि त्याला लागून जास्वंदीची ओळ, ठिबकसकट.

आता यातलं प्रत्येक काय करत होतं ते बघा. डस्टमध्ये पिठासारखा बारीक भाग जास्त असतो, तो पाणी धरून ठेवतो आणि चाक वरून गेलं की चिखल होऊन सांध्यातून वर येतो. राडारोड्यात पोकळ्या असतात. पाणी आत शिरलं की तुकडे सरकतात आणि भराव बसत जातो. कर्बला मागून आधार नाही, म्हणून वळणावर ब्लॉक बाहेर सरकले, सांधे उघडले आणि आणखी पाणी आत गेलं. ठिबकमुळे एका कडेची माती बारमाही ओली आणि फुगलेली, मधली मात्र उन्हाळ्यात वाळून आक्रसलेली. त्यात दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच दहा टन, गाडीचं वजन वेगळं. अशा ठिकाणी ६० काय आणि ८० काय?

काळी माती दीड फूट काढली, मुरूम थरांनी दाबला, वर खडीचा थर, कर्ब काँक्रीटमध्ये बसवला, ठिबक तीन फूट लांब नेलं. आणि घरामागे रचलेले ते पहिले ६० मिमीचेच ब्लॉक परत लावले. ते आजही सरळ आहेत, टँकर आत येतो. आर्किटेक्टचं म्हणणं अजूनही असं की ब्लॉक "आता सेट झाले". असो.

तेव्हा तुमच्या पैशाचा पहिला वाटा जमिनीखाली घाला. पट्ट्याची माती दीड फूट खोल काढा, आणि रुंदी १० नाही, १२ फूट घ्या; दोन्ही बाजूंना एक-एक फूट जास्त, कारण काळी माती कडेलाच जास्त हलते. यात भरायला चांगला मुरूम. खड्डा भरीव धरून तो ७.२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होतो, दाबल्यावर बसतो म्हणून ९ ब्रास मागवा. मुरूमच का? तो फुगत नाही आणि दाबल्यावर एकसंध बसतो. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकण मुरमाचा थर देण्याची पद्धत अभ्यासाने मांडली, कालव्यांच्या अस्तरासाठी ती वापरली गेली. वाळू किंवा मोठे दगड भरू नका. काळ्या मातीतल्या खड्ड्यात ते भरले की पावसाचं पाणी मोकळ्या जागेत साठतं आणि खालची माती फुगवत राहतं. खड्ड्याच्या तळालाही रस्त्याकडे ढाळ हवा.

दबाई हाच चोरीचा भाग. प्लेट कॉम्पॅक्टर असेल तर थर चार इंचाचा, छोटा रोलर असेल तर सहा इंचाचा. प्रत्येक थरावर पाणी मारायचं, पण इतकंच की मुठीत दाबलेल्या मुरमाचा गोळा व्हावा, हाताला चिखल लागू नये. ठेकेदार दीड फूट मुरूम एकदम ओतून वरून दोन फेऱ्या मारतो आणि वरचे चार इंच कडक लागतात. पहार उभी धरून मारा. सहा इंच आरामात घुसली तर खालचं दाबलेलं नाही, मजुरी थांबवा.

याच वेळी पट्ट्याच्या आडवे दोन रिकामे ११० मिमीचे पीव्हीसी पाइप टाकून दोन्ही टोकं बुच मारून ठेवा. उद्या बागेचं पाणी, सीसीटीव्हीची वायर, सोलरची केबल, काहीतरी निघतंच. आणि बोअर घ्यायची असेल तर ती आधी. बोअरची गाडी नव्या पृष्ठभागावर चढली की पुढचं काही बोलण्यासारखं राहत नाही.

आता वरचं. तुमचा पट्टा सरळ आहे, म्हणून माझं मत साध्या काँक्रीटला: सहा इंच जाड, खराट्याचं फिनिश. १० बाय ४० म्हणजे बरोबर दोन ब्रास काँक्रीट. साइटवर १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) ने करायचं तर सिमेंट ४६ पोती, क्रश सँड पाऊण ब्रासच्या थोडी वर, खडी १.७ ब्रास. एका पोत्याला २५ लिटरपेक्षा जास्त पाणी नाही. खडी-वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मिस्त्री "माल फिरत नाही" म्हणून डबा ओततो, आणि वरचा थर दोन वर्षांत पावडर होऊन निघतो तो त्याच डब्यामुळे. मुरमावर आधी प्लास्टिकचा कागद अंथरा, नाहीतर मुरूम काँक्रीटमधलं पाणी शोषतो.

८ मिमीची जाळी, ८ इंचावर दोन्ही बाजूंनी, साधारण १५० किलो लोखंड. ती वरून दोन इंचावर खुर्च्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, उभी राहिली पाहिजे. जमिनीवर पडलेली जाळी फक्त बिलात दिसते. जाळीने तडे थांबत नाहीत, पडलेला तडा उघडत नाही.

तडे कुठे पडायचे हे आपण ठरवायचं असतं. दर १० फुटांवर आडवा कट, म्हणजे तीन कट आणि १० बाय १० चे चार चौकोन. कटाची खोली दीड ते दोन इंच, आणि जाळी त्या रेषेवर सलग नेऊ नका. उन्हाळ्यात ८ ते १२ तासांत कटर फिरला पाहिजे. "उद्या दुपारी येतो" म्हणणाऱ्या कटरवाल्याला आधीच नाही सांगा. तोवर काँक्रीटने आपला तडा स्वतः निवडलेला असतो. पोर्चचे कॉलम, घराची जोती आणि गेटचे खांब यांच्या बाजूने अर्धा इंच थर्माकोल उभा घाला, म्हणजे हलणारा पट्टा घराला ढकलणार नाही.

आडवा ढाळ १० फुटांत दोन इंच, घरापासून लांब. वरून कोरडं सिमेंट भुरभुरून घोटाई करू देऊ नका. दिसायला आरशासारखं, पावसात घसरायला तसंच, आणि पापुद्रा पहिल्या दोन-तीन वर्षांत सुटतो. लाकडी रंधा, मग गाडीच्या दिशेला आडवा खराटा, बस. आळी करून १० ते १४ दिवस पाणी. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४च. घरची गाडी दोन आठवड्यांनी, टँकर २८ दिवसांनी.

बाकीच्यांचं झटपट. स्टॅम्प काँक्रीट हे ओलं असताना साचा दाबून नक्षी उठवलेलं काँक्रीटच आहे, पण वरचा रंग आणि सीलर चाकांच्या वाटेवर झिजतो, दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारायचा. कमी देखभालीत हे बसत नाही. डांबर ४०० चौरस फुटांसाठी कोणी नीट करत नाही. गरम माल येईपर्यंत थंड होतो, उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवलं की खडी निघते, आणि गळलेलं तेल डांबर विरघळवतं. शहाबादी फरशी गाडीखाली नको, जिथे खालचा माल पोकळ राहिला तिथे ती फुटणार. पार्किंग टाइलचं तेच, उतारावर घसरण वेगळी. ग्रास पेव्हर बार्शीच्या उन्हात? गवताला पाणी टँकरचं घालणार का?

पेव्हर एका परिस्थितीत मीही टाकीन, आणि ती तुमची असू शकते. गेटबाहेरचा रस्ता दर डांबरीकरणात उंच होत असेल तर काही वर्षांत तुमचं गेट खड्ड्यात जाईल आणि रस्त्याचं पाणी आत येईल. ब्लॉक उचलून, खाली भर घालून परत लावता येतात. काँक्रीट फोडावं लागतं. म्हणून गेटजवळचे पहिले आठ-दहा फूट पेव्हर आणि पुढे काँक्रीट, असंही करता येतं. त्याच्या आणि काँक्रीटच्या मध्ये सहा इंच रुंदीची, जाळीची आडवी गटार. पेव्हरखाली खडीचा दाबलेला थर, वर सव्वा इंच भरड वाळू (डस्ट नाही), मांडणी हेरिंगबोन (ब्लॉक एकमेकांना काटकोनात अडकवून), कर्बच्या मागे काँक्रीटचा तिरका टेकू. सांध्यात कोरडी बारीक वाळू, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा. गवत खालून येत नाही, वरच्या धुळीत बी पडून उगवतं, त्यामुळे खाली प्लास्टिक अंथरून उपयोग नाही. मुंग्या सांध्यातली वाळू वर आणतात आणि घुशी कडेने शिरून खालून पोखरतात. दोन्हींचं कारण उघडी कडच असते.

हे आधी सांगायला हवं होतं: तुमच्याकडे काळी माती किती खोल आहे ते एक खड्डा घेऊन बघा. तीन-चार फुटांवर मुरूम लागत असेल तर वरचं सगळं पुरेसं आहे. आठ-दहा फूट काळीच असेल तर दीड फूट मुरमानेही थोडी हालचाल राहील, आणि तिथे कट केलेले चौकोन एकमेकांपेक्षा थोडे वरखाली होऊ शकतात. मुरूम अडीच-तीन फूट नेता आला तर न्या. उतार १० फुटांत एक फुटापेक्षा जास्त असेल तर खराटा पुरत नाही, आडव्या खाचा पाडा. आणि हे सगळं कोरड्या प्रदेशासाठी आहे. कोकणात जांभा, शेवाळ आणि पावसाचा हिशेब निराळा, तिथल्या माणसाला विचारा.

रंगाचं राहिलं. साधा करडा. काळ्या ब्लॉकवर धूळ आणि चुन्याचे पांढरे डाग सगळ्यात जास्त दिसतात, लाल-पिवळ्यात रंग बहुतेक वेळा वरच्या थरातच असतो आणि झिजून उतरतो. पांढरे डाग एक-दोन पावसाळ्यांत आपोआप जातात, त्यावर ॲसिड ओतू नका. डागाबरोबर सिमेंटही जातं. तेल सांडलं तर आधी लाकडाचा भुसा, मग कपड्याची पावडर आणि खराटा.