मृतांची ऊर्जा गोळा कशी करतात आणि वापरतात कशी?

तुम्ही विचारलंय की आजच्या नेक्रोमन्सीत, म्हणजे मृतांना बोलावून करायच्या लोकजादूत, कबरींपाशी साठलेली ऊर्जा साधक कशी गोळा करतात. व्हिडिओंमध्ये तसंच दाखवतात खरं: दफनभूमीत जायचं, ऊर्जा ‘खेचायची’, घरी आणायची. या विषयावरचं बरंच वाचून माझं मत झालंय की इथे दिशाच उलटी धरली आहे. जुन्या परंपरांत आधी जिवंत माणूस देतो, मग मृत.

होमरच्या ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याचा ११वा सर्ग बघा. त्याचा नायक ओडिसियस मृतांशी बोलायला तलवारीने हातभर लांबरुंद खड्डा खणतो. त्यात दूध-मध, मग वाइन, मग पाणी ओततो, वर जवाचं पीठ भुरभुरतो आणि शेवटी मेंढ्यांचं रक्त सोडतो. मृतांची झुंबड उडते, पण ज्याला विचारायचंय तो मृत भविष्यवेत्ता टायरेसियस येऊन रक्त पिईपर्यंत तो कुणाला खड्ड्याजवळ फिरकू देत नाही. त्याची सख्खी आई तिथेच बसलेली असते, पण रक्त प्यायल्याशिवाय तीही लेकाला ओळखत नाही. बळ जिवंतांकडून जातं, बदल्यात बोलणं मिळतं.

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांची हूडू ही लोकजादूची परंपराही याच व्यवहारावर चालते. तिथे कबरीवरची माती घेतात, पण फुकट नाही. कबरीपाशी बसून आपलं काम सांगायचं, परवानगी मागायची, थोडी माती काढायची आणि त्या जागी नाणं ठेवायचं किंवा व्हिस्की ओतायची. नाणं शक्यतो चांदीचं डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं. (डाइममध्ये १९६४पर्यंत चांदी असायची, म्हणून जुनी नाणी जपून ठेवणारे आहेत.) कबर कुणाची, यावर सगळं अवलंबून. संरक्षणासाठी सैनिकाची, कारण तो हुकूम पाळणारा. सगळ्यात भरवशाची मात्र आपल्यावर जीव असलेल्या नातेवाइकाची. ती माती म्हणजे त्या माणसाला कामावर ठेवल्याची खूण.

मग ‘ऊर्जा’ आली कुठून? बरीचशी १८व्या-१९व्या शतकातून. मेस्मर या वैद्याचं प्राणिज चुंबकत्व, म्हणजे सजीवांत एक अदृश्य प्रवाह वाहतो ही कल्पना; रायखेनबाख या रसायनशास्त्रज्ञाने १८४५च्या सुमारास मांडलेली ‘ओड’ नावाची तशीच अदृश्य शक्ती; आणि १८४८मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स बहिणींपासून उसळलेली आत्म्यांशी बोलण्याची लाट. आत्म्यांना बोलावायच्या बैठकीत हात धरून गोल करायचा तो आत्म्याला प्रकट व्हायला बळ मिळावं म्हणून. पुढे विक्का या विसाव्या शतकातल्या जादूटोण्याच्या नव्या धर्माने ताल, नाच आणि मंत्रांनी शक्ती उभी करायची पद्धत रूढ केली. आजचे साधक हे सगळं एकत्र करतात.

त्यामुळे प्रत्यक्षात ‘गोळा करणं’ म्हणजे स्वतःचं लक्ष गोळा करणं. पांढरं कापड, पाण्याचा ग्लास, एक मेणबत्ती. श्वास संथ करायचा, एकाच सुरात गुणगुणत राहायचं, मृताचं नाव घेऊन बोलायचं. मागणी एकच आणि नेमकी. काम झालं की कबूल केलेलं देऊन टाकायचं आणि स्पष्ट शब्दांत निरोप द्यायचा. हा निरोप नवखे हटकून विसरतात. जुन्या मंत्रपोथ्यांत मात्र त्याचे वेगळे शब्दच दिलेले असतात. स्फटिकांत ऊर्जा ‘चार्ज’ करणं वगैरे मला निव्वळ सजावट वाटते.

अशी ऊर्जा आजवर कुठल्या उपकरणाने मोजलेली नाही. बैठकीत टेबल आपोआप फिरतं म्हणत, ते १८५३मध्ये फॅरेडे या वैज्ञानिकाने तपासलं, तेव्हा बसलेल्यांचेच हात नकळत ढकलत होते. तेव्हा उत्तर मिळवायला हातात धरलेला लंबक हलला की लगेच हुरळून जाऊ नका.

करूनच बघायचं असेल तर ज्यांचं नाव-गाव माहीत आहे अशा आपल्याच माणसापासून सुरुवात करा, अनोळखी कबरीपासून नको. माती चमचाभर पुरते. कबर उकरणं किंवा हाडं उचलणं बहुतेक देशांत सरळ गुन्हा आहे. आणि घरात कुणी नुकतंच गेलं असेल तर काही महिने थांबा. उत्तर आलं की आपलंच मन बोललं, हे त्या दिवसांत ओळखणं फार अवघड जातं.