अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाला थंडीचा धोका आहे, हे आधीच्या आकडेवारीत दिसत नव्हतं का?

दिसत होतं, आणि तेच जास्त चटका लावतं. २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले. यानाला वर ढकलणाऱ्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग (गोल कडी) थंडीने कडक झाली होती, तिने फट बुजवलीच नाही.

आदल्या रात्री अभियंत्यांनी उड्डाण थांबवा म्हणून सांगितलं होतं. पण चर्चेत समोर होती ती फक्त रिंगला इजा झालेली उड्डाणं. त्यातलं एक सुमारे १२ अंश सेल्सिअसला, एक २४ ला. मग तापमानाचा संबंध काय, असा सवाल आला. इजा न झालेली उड्डाणंही त्याच तक्त्यात मांडा, चित्र पालटतं: १८ अंशांखालच्या ४ पैकी ४ उड्डाणांत इजा, त्यावरच्या २० पैकी फक्त ३ मध्ये. त्या सकाळी तापमान होतं जेमतेम २ अंश! औषधांच्या चाचण्यांत दुष्परिणाम न झालेले रुग्णही मोजतात, ते याचसाठी.

पुढे चौकशी समितीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रिंगचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमट्यातून सोडवल्यावरही तो लगेच फुगून पूर्ववत झाला नाही.