घरातला मुलगा अतिरेकी विचारांकडे वळतोय हे मुस्लिम आई-बहिणींना कळत नाही का?

कळतं. सगळ्यांत आधी आम्हालाच कळतं. पोरगा पाच वेळा मशिदीत दिसला की पुरुष खूश.

आमच्या दापोलीकडे बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी आखातात असतं. माझा धाकटा भाऊही होता. २०१५ मध्ये तो सुट्टीवर आला आणि रात्र-रात्र मोबाइलवर सीरियाचे व्हिडिओ बघत बसायला लागला. अम्मीने केळशीच्या याकूबबाबांच्या उरुसासाठी केलेला मलिदा त्याने परसात ओतला, शिर्क आहे म्हणाला, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्या कुणाला मानण्याचं पाप. शेजारच्या काकूंचे मोदक परत पाठवले. गळे कापणाऱ्यांना तो ‘आपली माणसं’ म्हणाला त्या रात्री अम्मी झोपली नाही. त्याच वर्षी देशातल्या हजाराहून जास्त मौलवींनी आयसिसविरुद्ध फतवा दिला होता. तिने ते कात्रण त्याच्यासमोर धरलं. तो म्हणाला, हे सगळे सरकारी मौलवी.

पण सांगायचं कुणाला? जमातीच्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या मुसलमानांच्या पंचायतीच्या बैठकीत बाईला जागा नाही. पोलिसांत जावं तर यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा लागला की जामिनाला वर्षं जातात. चाचांनी दम दिला, तोंड उघडलंत तर अख्ख्या मोहल्ल्याची झडती होईल. १९९३ ला रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरलं, मुंबईतल्या स्फोटांत २५७ माणसं मेली, त्यानंतरचे दिवस चाचांनी पाहिलेत. पण तो माल पुढे गेलाच कसा? कस्टम आणि पोलिसांतल्या काहींनी पैसे खाऊन डोळे मिटले म्हणून. गप्प बसून कुठला मोहल्ला वाचतो?

अम्मी चाचांना न विचारता मौलानांकडे गेली. ते कित्येक महिने इशाच्या नमाजानंतर भावाला घेऊन बसायचे. तो मोबाइलवरची कुराणातली एखादी आयत फेकायचा, ते तिच्या आधीची आणि नंतरची वाचून दाखवायचे. मामूंनी त्याला आखातात परत जाऊ दिलं नाही, हर्णै बंदरात कामाला लावलं. आज त्याला दोन मुली आहेत. दर्ग्यात तो अजून येत नाही. न येवो. दर्गा न मानणारा किंवा दाढी राखणारा प्रत्येक जण अतिरेकी असतो असं मी अजिबात म्हणत नाही. माणसं मारणं बरोबर वाटायला लागलं की मात्र घाबरायचं.

आणि हे फक्त मुलांचं नाही. २०१५ च्याच डिसेंबरात पुण्यात सोळा वर्षांची मुलगी आयसिसच्या नादाला लागली होती. एटीएसने तिचं समुपदेशन केलं, घरच्यांना सोबत घेऊन. म्हणजे पोलिसांकडे गेलं की तुरुंगच, ही आमची भीतीही पुरती खरी नव्हती.

तुमच्या ओळखीत असं घर असेल तर पोराच्या आईला विचारा, चुलत्याला नको. आमचे चाचा आजही लग्नाकार्यात सांगतात की पोराला मीच वळणावर आणलं. मौलानांच्या दारात ते एकदाही गेले नव्हते. जमातीच्या बैठकीत बायांना बसू द्या, ही आमची मागणी मात्र त्यांनीच अडवून धरली आहे.