टायमिंग बेल्ट ‘चांगला दिसतोय’, मग गणपतीनंतर बदलला तर चालेल का?

प्रश्न असा आहे: 2014 ची डस्टर डिझेल, 1,92,000 किमी, आधीच्या मालकाकडून घेतलेली, बेल्ट बदलल्याचं बिल नाही. गणपतीला मुंबईहून देवगडला जायचंय. मेकॅनिकनं वरचं कव्हर काढून पाहिलं आणि बेल्ट चांगला दिसतोय म्हणाला. आल्यावर बदलला तर चालेल का, खर्च किती येईल?

नाही चालणार. निघण्याआधी बदला. टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँकला (पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा) कॅमशी (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा वरचा दांडा) जोडणारा दातेरी पट्टा.

‘चांगला दिसतोय’ या दोन शब्दांवर माझा जुना राग आहे, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो. वरचं कव्हर काढलं की कॅमच्या पुलीभोवतीचा वीतभर बेल्ट दिसतो, तोही पाठीकडून. बेल्टचा जीव असतो रबराच्या आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांत आणि दातांच्या मुळाशी. यातलं काहीच वरून दिसत नाही. जुन्या बेल्टला भेगा पडायच्या, निदान सूचना मिळायची. आताचं रबर शेवटपर्यंत काळंभोर राहतं आणि दोरे आतून तुटत जातात. पाठीकडून नवाकोरा वाटणारा बेल्ट उतरवून उलटा केल्यावर सलग पाच दात मुळापासून सोललेले, असं मी पाहिलंय. क्रँकची पुली लहान, एका वेळी मोजकेच दात ओझं घेतात. दात तिथंच जातात, आणि ते बघायला खालचं कव्हर, पुली, इंजिनाचं माउंटिंग काढावं लागतं. एवढं खोलल्यावर जुना बेल्ट परत कोण बसवतो?

साठच्या वेगाला साधारण दोन हजार आरपीएम धरले, तर किलोमीटरला क्रँकच्या दोन हजार फेऱ्या होतात आणि कॅमच्या एक हजार. 1,92,000 किमीत कॅम एकोणीस कोटींहून जास्त वेळा फिरला. शिवाय बेल्टला वयही असतं. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे असतात, त्यातला आधी येईल तो खरा. तुमची गाडी दोन्ही पार करून गेलीय. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही, असंच धरायचं.

आता घाटात काय होतं ते नीट समजून घ्या. परशुराम घाट उतरताय, गाडी तिसऱ्या गिअरात, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. दात सोलले. कॅम जागच्या जागी थांबला, पण चाकं क्रँकला फिरवतच राहिली. जे व्हॉल्व्ह उघडे राहिले त्यांच्यावर खालून पिस्टन आदळतात आणि पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच व्हॉल्व्ह वाकतात. तुमच्या इंजिनात डिझेलचा हाय प्रेशर पंपही याच बेल्टवर आहे, त्यामुळे इंजिन मेलं. पण गाडी उतारावर असल्यानं लगेच कळत नाही. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप कॅमच्या टोकाला बसवलाय, म्हणजे तोही बंद. बूस्टरमध्ये (ब्रेकचा जोर वाढवणारा डबा) उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. म्हणून ब्रेक पंप करायचा नाही, एकदाच दाबून धरायचा आणि सोडायचा नाही. क्लच दाबला तर इंजिन पूर्ण थांबतं आणि हायड्रॉलिक स्टिअरिंगही जड होतं. वळणावर इंजिनाचा विचार करू नका. व्हॉल्व्ह तसेही गेलेत, माणसं वाचवा. गाडी डावीकडे घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा.

थांबल्यावर सेल्फ मारू नका. मारलाच आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर, रिकामा फिरला, तर कॉम्प्रेशन नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जात नाही, बेल्ट गेलाय. तिथंच थांबा. धक्का स्टार्ट तर अजिबात नको. वाकलेल्या व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडलं की पिस्टन, लायनर (ज्यात पिस्टन फिरतो ती नळी), हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) सगळंच जातं. न्यूट्रलमध्ये टो करा.

कोकणात बेल्टवर आणखी हाल येतात. खालचं कव्हर पाणी अडवत नाही. रस्त्यावरचं लाल मातीचं गढूळ पाणी आत जातं, टेन्शनर (बेल्ट ताणून ठेवणारी पुली) आणि आयडलरच्या (बेल्टला वळवणारी मोकळी पुली) बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन टाकतं. खाऱ्या हवेनं बोल्ट गंजतात. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात बुडालेली गाडी घेतली असेल, तर बेल्टसोबत ही बेअरिंगंही संशयास्पद धरा.

बेल्ट एकटा बदलणं हे म्हणूनच अर्धं काम. संपूर्ण किट घ्या: बेल्ट, टेन्शनर, आयडलर. तुमच्या इंजिनात वॉटर पंप याच बेल्टवर चालतो, त्यामुळे तोही. त्याचं बेअरिंग अडकलं तर नवा बेल्टही दात टाकतो, आणि कुलंट गळून बेल्टवर आलं तर रबर खराब होतं. क्रँक आणि कॅमचे ऑइल सील त्याच वेळी बदला, तेलानं बेल्ट फुगतो. बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्टही बघा: त्याचा धागा सुटून पुलीमागे गेला तर टायमिंग बेल्टखाली अडकतो. एकदाच वापरायचे बोल्ट नवे लावा.

काम करणाऱ्याकडे क्रँक आणि कॅम लॉक करायच्या पिना आहेत का, ते आधी विचारा. व्हाइटनरनं खुणा करून बेल्ट चढवणाऱ्याकडे गाडी देऊ नका. जुन्या बेल्टवर टायमिंग एक दात सरकलेलं असेल तर खुणा तीच चूक नव्या बेल्टवर उतरवतात. बेल्ट चढवून टेन्शनरचा काटा जागेवर आणायचा, पिना काढायच्या, क्रँकच्या बोल्टला पाना लावून फिरण्याच्या दिशेनंच हातानं दोन पूर्ण फेऱ्या द्यायच्या, मग पिना पुन्हा सहज बसतात का ते बघायचं. फेरी मध्येच अडली तर जोर करायचा नाही, उलगडून परत बसवायचं.

खर्चाचा आकडा गॅरेजप्रमाणे बदलतो. वरच्या वस्तू, कुलंट आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेलं कोटेशन दोन ठिकाणांहून घ्या. बेल्टचं काम एका दिवसाचं. पण बेल्ट तुटून हेड उतरवावं लागलं तर व्हॉल्व्ह, गाइड, गॅस्केट, लेथवर हेडचं फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणं) सगळं आलं, आणि गणपतीत लेथवाले स्वतः गावी असतात.

एक सांगायचं राहिलं. हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. जुन्या स्विफ्ट डिझेलच्या 1.3 इंजिनात चेन आहे, तिथं तेल वेळेवर बदलणं महत्त्वाचं. काही जुन्या इंजिनांत बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही, गाडी फक्त बंद पडते. तुमचं इंजिन त्यातलं नाही.

जुने सुटे भाग मागून घ्या, तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर कव्हरवर लावून घ्या. मग निघण्याआधी शे-दोनशे किमी गाडी शहरातच चालवा आणि कुलंटची पातळी दोनदा बघा. बेल्ट जास्त ताणला असेल तर आरपीएमसोबत चढणारी बारीक शीळ ऐकू येते. तशी आली, तर पनवेल ओलांडण्याआधी गाडी परत दाखवा.