सुतारकाम स्वतःच शिकतोय, चुकांतून लवकर कसं शिकता येईल?

तुम्ही लिहिलंय की प्लायवूडवर हात बसलाय, आता सागवानात पहिलंच डायनिंग टेबल करायला घेतलंय, बरंच लाकूड वाया गेलंय, तर चुकांची वही ठेवावी का. ठेवा. मी कधी ठेवली नाही. पण टेबलाचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो, कारण एका टेबलावरून माझं आणि माझ्या भावोजींचं आज कित्येक वर्षं वाजतंय.

मी कुडाळकडचा. वडील सुतार, मीही तेच करतो. 2009 साली ताईसाठी सहा फूट बाय तीन फुटांचं टेबल केलं. ताई नागपूरला. विदर्भातल्या आलापल्लीचा नावाजलेला साग ज्यांच्या दारात, त्यांना कोकणातून सागाचं टेबल पाठवायचं म्हणजे उलटी गंगाच. पण झाड आमच्या परसातलं होतं, बाबांनी तोडलेलं. फळ्या चार वर्षं मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचून वाळवलेल्या. लाकूड ओलं होतं असं कोणी म्हणालं की अजूनही माझं डोकं फिरतं.

काम केलं ऑगस्टमध्ये. फळ्यांच्या कडा अशा रंधल्या की दोन फळ्या उभ्या धरल्या तर मधून उजेड दिसत नव्हता. खालून चौकटीला बारा स्क्रू आवळले. दोन्ही टोकांना लाकडाचं कापलेलं तोंड दिसू नये म्हणून आडव्या पट्ट्या बसवल्या आणि त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत गोंद लावला. बाबा खुर्चीवर बसून बघत होते. एवढंच म्हणाले, "फळयेक हलूक जागा ठेव रे." मी म्हटलं, बाबा, सरसाचे दिवस गेले, आताचा गोंद दगडाला दगड चिकटवेल. ते पुढे काही बोलले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात रात्री दोनला ताईच्या घरात फटाका वाजल्यासारखा आवाज झाला. टेबलाला टोकाकडून हातभर तडा. जोडावर नाही बरं का, चांगल्या फळीच्या पोटात. गोंद सुटला नाही, लाकूड फाटलं. फट दोन सूत, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भाच्याने तिच्यात चमचा दांड्याकडून उभा करून फोटो पाठवला होता. आणि भावोजी फोनवर, "तुमच्या कोकणातलं लाकूडच ओलं राह्यते. आमच्या आलापल्लीचं घेतलं असतं तर हे झालं असतं का?"

इथे मी खरी चूक केली. लाकूड वाळलेलं आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून भावोजी खोटे. इथवर बरोबर. मग कारण काय? मी ठरवलं, आवळणं कमी पडलं. नागपूरला गेलो, फटीत सागाची बारीक पट्टी गोंद लावून ठोकली, शिवाय आणखी आठ स्क्रू मारले. जुलैत टेबलाला मधोमध असा फुगवटा आला की ताटातली आमटी एका बाजूला जमायला लागली. ऑगस्टमध्ये टोकाची पट्टी उखडली.

चुकांतून माणूस शिकतो म्हणतात ना, मी पण शिकलो होतो. चुकीचं शिकलो होतो. तुमच्या वहीला माझा आक्षेप तेवढाच आहे. "तडा गेला, स्क्रू कमी पडले" असं मी वहीत लिहून ठेवलं असतं, तर पुढची दहा टेबलं फोडली असती.

कारण कळलं ते एका तुकड्यामुळे. त्याच फळीचा आडवा बारा इंचांचा कापलेला तुकडा मी टेबलाबरोबर पाठवला होता, गरम पातेलं ठेवायला. त्यावर माझ्याच हाताने पेन्सिलने 12 लिहिलेलं. 2011 च्या मेमध्ये टेबल उलटं करून बसलो होतो, तेव्हा सहज त्याला टेप लावला. अकरा इंच सात सूत. टेप बदलून बघितला, तेच. तुकडा पिशवीत घालून घरी आणला. गणपतीत मोजला तर पुन्हा बारा भरला. त्याला ना स्क्रू होते ना गोंद, म्हणून तो आटला आणि फुगला, फाटला मात्र कुठेच नाही. बारा इंचांना एक सूत, म्हणजे तीन फुटांना तीन सूत. ती जागा मी ठेवलीच नव्हती.

कोकणात पावसाळ्यात हवेत 85-90 टक्के आर्द्रता, नागपुरात मेच्या दुपारी ती विसाच्या आसपास, कधी त्याहूनही खाली. चार वर्षं वाळवलेलं माझं लाकूड कुडाळच्या हवेपुरतं वाळलेलं होतं. ओल्या झाडापासून पूर्ण सुकेपर्यंत साग रुंदीत अडीच ते साधारण पाच टक्के आटतो, फळी कशी चिरलीय त्यावर ते ठरतं. लांबीत जवळजवळ नाहीच. आणि साग हा या बाबतीत शहाणा म्हणायचा, बाकीची बरीच लाकडं याहून जास्त हलतात. आता माझी टोकाची पट्टी बघा. तिची लांबी आली टेबलाच्या रुंदीवर. पट्टी हलत नाही, टेबल आटतंय, मध्ये गोंद. फाटणार नाही तर काय?

तर तुमच्या टेबलाचं. फळा, म्हणजे टेबलाचा वरचा भाग, चौकटीला स्क्रूने सरळ आवळू नका. चौकटीला आतून खाच मारा आणि लाकडी बटणं करा, म्हणजे एका टोकाला जीभ काढलेले छोटे ठोकळे. बटणाची जीभ खाचेत जाते, स्क्रू बटणातून फळ्यात. फळा सरकतो, बटण सोबत सरकतं. ते जमत नसेल तर चौकटीतली स्क्रूची भोकं टेबलाच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा, शेजारी दोन भोकं पाडून कानशीने एक करायची. टोकाची पट्टी हवीच असेल तर गोंद फक्त मधल्या तीन-चार इंचांना. ताईचं टेबल मी शेवटी असंच केलं. आता मेमध्ये तिथे पट्टी दोन्ही बाजूंना दीड-दीड सूत बाहेर डोकावते आणि पावसाळ्यात आत जाते. भावोजी येईल त्या पाहुण्याला बोट फिरवून दाखवतात, "सफाई नाही."

बाकीच्या चुका किरकोळ. करवतीच्या पात्याची जाडी मापात न धरणं, एका कामात दोन टेप वापरणं, बोथट पटाशीवर जोर काढणं. या आपोआप जातात. बिघडलेला तुकडा मात्र चुलीत घालू नका, त्यावर तारीख लिहून भिंतीला लावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

हे सगळं भरीव लाकडाचं झालं, प्लायला यातलं काही लागू नाही. तुमचं टेबल जिथे राहणार त्याच गावात करत असाल तर फरक कमी पडेल, पण जागा तरीही ठेवाच. आणि मशीनवरच्या चुकांतून शिकायला जाऊ नका, आमच्याकडे दोन कारागीर बोटं देऊन शिकलेत.

राहिला आलापल्लीचा साग. लाकूड उत्तम, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. भावोजींच्या घराचं पुढचं दार त्याचंच आहे. जुलैत ते चौकटीला चिकटायचं म्हणून त्यांनी तिथल्या सुताराकडून भर पावसात रंधा मारून घेतला. मी नको म्हणत होतो. आता मे महिन्यात त्या फटीतून पाल आत येते आणि ताई तिथे पायपुसणं गुंडाळून ठेवते.