दमण्याआधी निजव

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

काल कोथरूडला तुझ्याकडे आले तेव्हा चार महिन्यांच्या बाळाला खांद्यावर घेऊन तू येरझाऱ्या घालत होतीस आणि ओट्यावरच्या वहीत त्याच्या झोपेचा मिनिटामिनिटाचा हिशेब मांडलेला होता. "दिवसा जागा ठेवला तर रात्री तरी सलग झोपेल ना?" असे तू विचारलेस, घरात पाहुणे होते म्हणून मी गप्प राहिले. नाही झोपणार. दमलेले बाळ झोपत नाही, ते झोपेशी झगडते, म्हणून त्याला दमण्याआधी निजव.

तू घड्याळ पाहत होतीस तेव्हा मी बाळाकडे पाहत होते. पावणेदोनला त्याची नजर खुळखुळ्यावरून सुटून भिंतीवर थिजली, भुवया लालसर झाल्या आणि त्याने तोंड तुझ्या खांद्यात खुपसले. तू मात्र वीस मिनिटांनी, तो कान ओढून रडू लागल्यावर उठलीस. अगं, तीच तर वेळ होती! या वयाची बहुतेक मुले एका वेळी दीड-दोन तासांपेक्षा अधिक जागेपण पेलू शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये चार ते अकरा महिन्यांच्या बाळांसाठी दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप सांगितली आहे, आणि दिवसाच्या डुलक्या त्यातच मोजलेल्या आहेत.

माझ्या थोरलीला मी संध्याकाळपर्यंत खेळवून जागी ठेवत असे, कारण सकाळी मला नोकरी गाठायची असे. ती रात्री अकरापर्यंत अंग ताठ करून रडे. मी पोटावर हिंग लावत बसे, आणि एकदा तिच्यावर ओरडलेसुद्धा. ते अजून सलते. म्हणून धाकट्याच्या वेळी मी दुपारी दारावरची बेल बंद केली आणि बाळ पाहायला आलेल्या नातेवाइकांना चारनंतर या म्हणून सांगितले. दोन घरे कायमची दुखावली, मला हट्टी म्हटले गेले. पण तो हट्ट मी पुन्हा करीन, कारण त्या घरात निजायची गरज एकट्या त्यालाच होती आणि ती त्याला बोलून सांगता येत नव्हती.

तेव्हा पडदे ओढ, लंगोट बदल, दर वेळी तीच अंगाई म्हण आणि डोळे जड झाले पण मिटलेले नाहीत, अशा वेळी त्याला ठेव. पाठीवरच ठेव, सपाट टणक गादीवर. आजेसासूबाईंनी प्रेमाने शिवलेली मोहरीची उशी आणि सैल दुपटे तिथून काढ, त्याबाबत भीड नको. चाळीसेक मिनिटांनी ते चुळबुळले तर लगेच उचलू नकोस, क्षणभर थांब. पुष्कळदा पुन्हा डोळा लागतो. नाही लागला तर उचल, त्यात तुझी हार नाही. फक्त पुढच्या वेळी पुन्हा दमण्याआधी निजव.

गुरुवारी दीडच्या सुमारास येते. बेल वाजवणार नाही, दार नुसते लोटून ठेव.

तुझी,
मावशी